परसातले पर्सिमन

अमेरिकेत, इंडियाना राज्यात, आमच्या परसात पर्सिमनची दोन झाडे आहेत. ज्या टेंभुर्णीच्या पानांत आपल्याकडे विड्या वळतात, तिचेच हे भावंड. ओळखण्याची खूण सोपी: काळपट साल चौकोनी ठोकळ्यांत तडकलेली, जणू मगरीची पाठच!

दोहोंपैकी एकाला फळ धरत नाही. “वांझ झाड तोडून टाका,” असे शेजारीण म्हणते. मी तिला उन्हाळ्याच्या सुरुवातीला फुले दाखवते. नराची फुले लहान, दोन-तीनच्या झुबक्यात. मादीची मोठी, एकेकटी. या जातीत नर आणि मादी झाडे बहुधा वेगळी. नर तोडला, तर मादीला पराग कोठून मिळणार?

बियांपासून केलेले रोप नर की मादी, हे फुले येईपर्यंत कळत नाही. म्हणून फळांसाठी मादीचे कलम लावावे, तेही लहानपणीच कायमच्या जागी. सोटमूळ खोल गेल्यावर झाडाला हलवणे मानवत नाही.

कच्च्या फळाने तोंड आवळून येते. ते मऊ, लिबलिबीत होईतो थांबावे. दिवाळीच्या सुमारास पिकलेल्या फळांचा मधासारखा गर मी फराळासोबत वाढते, तेव्हा शेजारणीला आवर्जून सांगते, “यात त्या ‘वांझ’ झाडाचाही वाटा आहे बरं!”