झाडाचे कोड : रोग की सहवास?

खकनार परिसरात सातपुड्याच्या उतारांवरील जंगलात खोडांवर पांढुरके, राखाडी चट्टे आढळतात. रुग्ण मला पुष्कळदा विचारतात, “डॉक्टरसाहेब, झाडालाही कोड फुटतं का?” शंका स्वाभाविक आहे. १८६९ साली इरॅस्मस विल्सन यांनी वर्णिलेल्या ‘लायकेन प्लानस’ या त्वचाविकाराच्या नावातही या चट्ट्यांचेच नाव आहे.

परंतु लायकेन हा रोग नव्हे. तो बुरशी आणि शैवाल यांचा एकत्र संसार आहे. शैवाल सूर्यप्रकाशात अन्न तयार करते, बुरशी त्याला आसरा व ओलावा देते. आपल्या मसाल्यातील दगडफूल हे पानासारखे लायकेन. सालीला खपलीप्रमाणे घट्ट चिकटणारे प्रकार निराळे. त्यांपैकी उष्ण प्रदेशातील वनांत विपुल असणारी प्रजाती म्हणजे ‘ग्राफिस’. तिच्या फिकट कवचावर मोडी अक्षरांसारख्या काळ्या रेघा उमटतात. त्या बुरशीची फळे होत. त्यांतून बीजाणू बाहेर पडतात. झाडाकडून ती केवळ जागा घेते, अन्न नव्हे.

लायकेनशास्त्राचा पाया घालणारे एरिक आखारियस (१७५७–१८१९) हे स्वीडनमधील वाडस्टेना गावचे डॉक्टर होते, ही आपणां वैद्यकीय व्यावसायिकांना अभिमानाची गोष्ट. पुण्यात आघारकर संशोधन संस्थेच्या परंपरेत डॉ. पी. जी. पटवर्धन व डॉ. उर्मिला मखीजा यांनी भारतातील खपलीसारख्या लायकेनांचा सखोल अभ्यास केला. गजकर्णाच्या तपासणीत आपण वापरतो तेच पोटॅशियम हायड्रॉक्साइड येथेही उपयोगी पडते. त्याच्या थेंबाने काही जातींत तांबडा रंग येतो व ओळख पटते.

मग वाळणाऱ्या झाडावर हे चट्टे अधिक का दिसतात? पालवी विरळ झाली की खोडावर ऊन पोहोचते आणि लायकेन फोफावते. सोबत आढळणारी प्रत्येक गोष्ट कारण नसते, हे निदानाचे सूत्र येथेही लागू आहे. म्हणून साल खरवडू नये. मुळे, पाणी आणि खोडकिडा तपासावा.

१८६६ साली नायलँडर यांनी पॅरिसच्या दूषित हवेत लायकेने नाहीशी होत असल्याचे नोंदवले. हवेचा असा साक्षीदार आपल्या वनांत आहे. मात्र तो अतिशय सावकाश वाढतो. २०२२-२३ मध्ये बुऱ्हाणपूर जिल्ह्यात झालेल्या अवैध वृक्षतोडीसारख्या प्रसंगी झाडाबरोबर त्याच्या सालीवरचा हा संसारही मोडतो; नवे रोप लावल्याने तो लगेच परत येत नाही. जुनी झाडे राखणे हाच त्यावरील एकमेव उपचार होय.