पुण्य एकाचे, खर्च दुसऱ्याचा

बिबवेवाडीतील गृहनिर्माण संस्थांच्या आवारात मान वर करून पाहिले, तर सज्जासज्जांना लावलेल्या जाळ्या नजरेत भरतात. पारव्यांच्या उपद्रवावरचा हा घरगुती उपाय होय. परंतु जाळीने उपद्रव संपत नाही. तो शेजाऱ्याच्या खिडकीकडे सरकतो. ऐपत असलेल्याने जाळी बसवावी आणि नसलेल्याने विष्ठा झाडावी, अशी ही वाटणी आहे.

पारवा मूळचा कड्याकपारींतला पक्षी. इमारतींचे छज्जे आणि वातानुकूलन यंत्रामागील पोकळ्या त्याला कपारीसारख्याच सोयीच्या वाटतात. मादी एका वेळी बहुधा दोनच अंडी घालते. मात्र अन्न मुबलक असेल तर वर्षातून अनेकदा वीण होते. त्यांची संख्या वाढते ती प्रामुख्याने माणसाने टाकलेल्या दाण्यांवर.

विष्ठेतील आम्लाने रंग, दगड व धातू झिजतात. त्याहून गंभीर हानी फुप्फुसांची. वाळलेल्या विष्ठेची व पिसांची धूळ दीर्घकाळ श्वासात गेल्यास काहींना अतिसंवेदनशीलतेमुळे फुप्फुसदाह होतो आणि फुप्फुसे कायमची निकामी होऊ शकतात. विष्ठेत वाढणारी क्रिप्टोकॉकस ही बुरशी प्रतिकारशक्ती क्षीण झालेल्यांच्या मेंदूच्या आवरणापर्यंत पोहोचू शकते. म्हणून विष्ठा कोरडी झाडू नये; तोंडानाकाला मुखपट्टी बांधून, ती आधी भिजवून मगच काढावी.

अर्थशास्त्रात अशा प्रकाराला 'बाह्य परिणाम' म्हणतात. दाणे टाकणाऱ्यास पुण्य मूठभर ज्वारीच्या भावात मिळते. रंगकाम, जाळी आणि औषधे यांचा खर्च मात्र ज्याने दाणे टाकलेच नाहीत त्याच्या माथी पडतो. वस्तूची खरी किंमत दुसराच चुकवीत असेल, तर तिचा वापर बेसुमार होणारच.

मुंबईत 2025 साली हा प्रश्न विकोपाला गेला. शासनाने कबुतरखाने बंद करण्याचे धोरण जाहीर केले, उच्च न्यायालयाने मनाई मोडून दाणे टाकणाऱ्यांवर गुन्हे नोंदविण्यास सांगितले आणि दादरचा कबुतरखाना ताडपत्रीने झाकला जाताच लोक रस्त्यावर उतरले. श्रद्धेचा प्रश्न केवळ ताडपत्रीने मिटत नाही, हे त्यातून दिसले.

स्वित्झर्लंडमधील बाझल शहराने वेगळी वाट धरली. 1988 पासून तेथे दाणे टाकल्याने पक्ष्यांचेच हाल होतात, दाटीमुळे त्यांच्यात रोगराई पसरते, हे नागरिकांना पटवून देण्यात आले. नियंत्रित खुराड्यांतून अंडीही काढली गेली. सुमारे चार वर्षांत कबुतरांची संख्या निम्म्यावर आली.

बिबवेवाडीसारख्या उपनगराला हे अशक्य नाही. संस्थांच्या वार्षिक सभेत वाहनतळावर तासन्‌तास चर्चा होते. दाणे न टाकण्याचा ठराव, पोकळ्या बुजविण्याचा सामायिक खर्च आणि सफाई कामगाराला मुखपट्टी हे तीन विषय त्याच सभेत मांडता येतील. भूतदया सोडावी असे कोणीही म्हणणार नाही. पण ज्या दयेचे देयक शेजाऱ्याच्या घरी जाते, तिला दया म्हणावे काय, याचा विचार व्हावयास हवा.