सर क्रीकची रेघ आणि पालघरचे खलाशी

आपल्या पालघर जिल्ह्यातल्या डहाणू-तलासरी पट्ट्यातले अनेक आदिवासी तरुण पावसाळा सरला की ओखा-पोरबंदरच्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जातात. बोट कुठे न्यायची ते तांडेल ठरवतो. खाली जाळं ओढणाऱ्याला सीमा कुठली दिसणार? पाकिस्तानी गस्तीनौकेने धरलं की मुक्काम थेट कराचीच्या मलीर तुरुंगात.

याचं मूळ कच्छच्या टोकाला आहे. सर क्रीक ही साधारण ९६ किलोमीटरची खाडी. १९१४ च्या मुंबई सरकारच्या ठरावाचा दाखला देत पाकिस्तान सीमा पूर्वेच्या काठावर धरतो. भारत म्हणतो, ती खाडीच्या मधल्या प्रवाहातून जाते. इथला निकाल लागल्याशिवाय पुढे समुद्रातली रेघ आखता येत नाही. २००७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून पाहणी केली, तेव्हा खूप आशा होती. २०१२ च्या फेरीनंतर गाडं अडलंय.

सीमेचा तोडगा नसतानाही माणसांची वाट मोकळी करता येते, हे सायप्रसमध्ये दिसतं. ते बेट १९७४ पासून दुभंगलेलं आहे. २००४ च्या सार्वमतात तुर्की सायप्रसवासीयांनी एकीकरणाला होकार दिला, ग्रीकांनी नकार. २०१७ ची बोलणीही फिसकटली. पण २००३ मध्ये उघडलेल्या नाक्यांवरून माणसं ये-जा करतात!

म्हणून मला मोठ्या तोडग्यापेक्षा छोट्या करारांचा भरवसा जास्त वाटतो. भारत-पाकिस्तानमधल्या २००८ च्या करारानुसार १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या दिल्या-घेतल्या जातात. दोन्हीकडच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती मात्र २०१३ नंतर तुरुंगांत गेलेली नाही. शिक्षा भोगून झालेले मच्छीमारही आत अडकून पडतात. ती समिती आधी सुरू करा.