प्रोसेसर घ्यावा कामावरून, नावावरून नव्हे

मे महिन्याच्या सुट्टीत साताऱ्याला घरी गेलो, त्या दिवशी बाबांनी कपाटातून एक पाकीट काढून माझ्या हातात दिले. म्हणाले, "पन्नास हजार आहेत. ताईला व्हिडिओच्या कामासाठी कॉम्प्युटर घ्यायचाय. सुट्टीत तूही गेम खेळशील. कोणता घ्यायचा ते तू बघ, तुला त्यातलं कळतं."

बाबा फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झाले आणि आता एका कारखान्यात सुरक्षारक्षक आहेत. ताई कॉलेज सांभाळून लग्नाचे, बारशाचे व्हिडिओ एडिट करते आणि त्यातून आपली फी भरते. जुन्या लॅपटॉपवर दहा मिनिटांचा व्हिडिओ एक्स्पोर्टला लावून ती झोपायला जायची.

'मला त्यातलं कळतं' असे मलाही वाटत होते. डॉर्ममध्ये दिवे बंद झाल्यावर आमच्या ज्या गप्पा चालतात, त्यांत 'आय-सेव्हन'च्या पुढे काही नाही असे सगळे मानतात. दुकानात गेलो तर आमच्या पैशांत बसणारा, रंगीत दिव्यांचा एक वापरलेला आय-सेव्हन समोरच होता. मी बाबांना "हाच घेऊ" म्हणालो. तेवढ्यात ताईने विचारले, "कितव्या जनरेशनचा?" दुकानदार म्हणाला, "सातव्या." बाबांनी माझ्याकडे पाहिले. सातवी म्हणजे चांगली की वाईट, हे मला सांगता येईना. आम्ही रिकाम्या हाताने परत आलो. पुढचे आठ दिवस मी जे वाचले, ते माझ्यासारख्या 'तज्ज्ञ' कॅडेट मित्रांसाठी इथे देत आहे.

आधी नाव वाचायला शिकू. 'कोअर आय५-१२४००एफ' हे उदाहरण घ्या. 'आय५' हा दर्जा झाला. '१२' म्हणजे बारावी जनरेशन. पुढचे '४००' त्याच जनरेशनमधली जागा सांगते. शेवटचा 'एफ' सांगतो की या चिपमध्ये स्वतःचे ग्राफिक्स नाही, म्हणजे वेगळे ग्राफिक्स कार्ड लावल्याशिवाय पडद्यावर चित्र येणार नाही. 'के' असेल तर वेग वाढवण्याची मुभा असते, पण थंड ठेवणारा पंखा वेगळा घ्यावा लागतो. एएमडीच्या 'रायझन ५ ५६००जी' मधला 'जी' याच्या उलट सांगतो: आत ग्राफिक्स आहे.

आता तो दुकानातला आय-सेव्हन पाहा. आय७-७७०० हा २०१७ सालचा. त्यात ४ कोअर आणि ८ थ्रेड. २०२२ सालच्या आय३-१२१०० मध्येही ४ कोअर आणि ८ थ्रेडच आहेत. शिवाय नवी चिप प्रत्येक ठोक्याला जास्त काम उरकते, म्हणून धाकटा 'आय३' थोरल्या 'आय७'च्या पुढे जातो. आणखी एक गोष्ट म्हणजे आय७-७७०० ला विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही, आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. दर्जा पाहताना बॅचही पाहावी लागते, ती अशी.

मग काम कोणते ते पाहू. मेसमधली शंभर टेबले हलवायची असतील, तर चारऐवजी सहा मुले लावली की काम लवकर संपते. व्हिडिओ एक्स्पोर्ट हे तसे काम आहे. ते वाटून देता येते, म्हणून तिथे जास्त कोअर उपयोगी पडतात. गेमचे सगळे काम असे वाटता येत नाही. सेकंदाला ६० फ्रेम हव्या असतील तर एका फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. तेवढ्यात कोण कुठे आहे, गोळी कुठे लागली, याचा हिशेब प्रोसेसरने करायचा आणि चित्र ग्राफिक्स कार्डाने रंगवायचे. इथे प्रत्येक कोअरचा वेग महत्त्वाचा ठरतो. दोन्ही कामे बेताच्या पैशांत करायची, तर ६ कोअर आणि १२ थ्रेडचा प्रोसेसर मला योग्य वाटला. आय५-१२४०० आणि रायझन ५ ५६०० हे दोन्ही त्याच गटातले.

तिसरी गोष्ट आपल्याला रूट मार्चने शिकवलेली आहे. प्लॅटून सर्वांत मागे पडलेल्याच्या चालीने पोहोचते. महागडा प्रोसेसर घेतला आणि ग्राफिक्स कार्ड हलके असले, तर प्रोसेसर नुसता वाट पाहत बसतो. रॅम ८ जीबीच असेल तर एडिटिंग अडखळते. म्हणून प्रोसेसरवरचे पैसे थोडे वाचवून १६ जीबी रॅम, एसएसडी आणि चांगल्या कंपनीचा पॉवर सप्लाय घ्यावा. रॅमही एकच १६ ची पट्टी न घेता ८ च्या दोन घ्याव्यात. दोन वाटांनी माहिती आल्याने वेग वाढतो, आणि प्रोसेसरच्या आतल्या ग्राफिक्सला तर त्याचा विशेष फायदा होतो.

इथवर हिशेब सोपा होता. खरी अडचण पुढे आली. सगळे सामान आणि मॉनिटर धरून पन्नास हजारांत चांगले ग्राफिक्स कार्ड बसत नव्हते. कार्डाशिवाय घ्यायचा, तर ५६००जी वर माझे बरेच गेम कमी सेटिंगवर चालले असते. आय५-१२४०० चे आतले ग्राफिक्स गेमसाठी त्यापेक्षा दुबळे आहे. पण त्यात क्विक सिंक नावाची सोय आहे. मोबाइलवर आणि कॅमेऱ्यात सहसा ज्या पद्धतीने व्हिडिओ साठवले जातात, ते उलगडायला आणि पुन्हा बांधायला चिपमध्येच वेगळी जागा ठेवलेली आहे. ताई ज्या सॉफ्टवेअरवर काम करते, ते या सोयीचा उपयोग करते.

मी वहीत दोन आकडे लिहिले. मी वर्षातून साधारण ७० दिवस घरी असतो. ताई उरलेले सगळे दिवस त्या टेबलावर बसणार. मन ५६००जी म्हणत होते, तरी मी बाबांना आय५-१२४०० सांगितला, 'एफ' नसलेला. पुढे पैसे जमले की त्याच मदरबोर्डवर ग्राफिक्स कार्ड लावता येईल, हेही पाहून घेतले. बाबांनी एवढेच विचारले, "नक्की?" मी "नक्की" म्हणालो, आणि या वेळी का ते मला सांगता आले.

मागच्या रविवारी ताईचा फोन आला. एक्स्पोर्टला लावून ती चहा टाकायला जाते, आणि चहा गाळेपर्यंत व्हिडिओ तयार असतो म्हणे. माझ्या कार्डाची जागा अजून रिकामीच आहे. दिवाळीच्या सुट्टीत जुने, हलके गेम खेळेन.

मित्रांनो, घरी कॉम्प्युटर घ्यायचा विषय निघाला तर दुकानात जाण्यापूर्वी एका कागदावर चार ओळी लिहा: कोण वापरणार, कशासाठी, वर्षातून किती दिवस आणि एकूण पैसे किती. प्रोसेसरचे नाव पाचव्या ओळीवर लिहा.