‘नो सिग्नल’ची दहा वर्षं

मार्च २०२०मध्ये टाळेबंदीच्या धास्तीनं सातारा-सांगलीकडे जी माणसं परतली, त्यांत माण-खटाव, जावळी, पाटणचे जुने मुंबईकर होते, तसे हिंजवडी-खराडीचे आयटीवालेही होते. सुट्टीला येणाऱ्या मुंबईकराची ट्रंक गावानं पिढ्यान्‌पिढ्या पाहिली होती. या वेळी पाठीवरच्या सॅकमध्ये कंपनीचा लॅपटॉप होता. घरात जागा होती, नेट कसंबसं होतं, पण ऑफिसातला दुसरा मॉनिटर पुण्यातच राहिला होता. मग हॉलमधला ३२ इंची टीव्ही, भावाच्या जुन्या कॉम्प्युटरचा मॉनिटर, जे हाताशी असेल ते लॅपटॉपला जोडायची खटपट सुरू झाली. अनेक नव्या, सडपातळ लॅपटॉपना एचडीएमआयचं तोंडच नव्हतं; होती ती एक-दोन इवलीशी यूएसबी-सी. म्हणून मध्ये हब आला. हब लावला, माऊस चालला, पेन ड्राइव्ह दिसला आणि मॉनिटरवर मात्र दोनच शब्द: नो सिग्नल.

हा घोळ टाळेबंदीत उघड झाला, पण त्याची मुळं आधीची आहेत.

या भागातल्या तिशी-चाळिशीतल्या कित्येकांची मॉनिटरशी पहिली गाठ पडली ती एमएस-सीआयटीच्या वर्गात. हा अभ्यासक्रम चालवणारी एमकेसीएल २००१ साली स्थापन झाली आणि बघता बघता तालुक्यातालुक्यात तिची सेंटरं निघाली. तिथल्या जाडजूड मॉनिटरला निळ्या तोंडाची, दोन स्क्रूंची व्हीजीए केबल असायची. आयबीएमनं १९८७ साली आणलेली ही पंधरा पिनांची जोडणी. तिचे आजार डोळ्यांना दिसत. लाल रंगाची पिन वाकली की पडदा निळा-हिरवा व्हायचा, स्क्रू ढिला पडला की चित्र थरथरायचं. सेंटरमधला मुलगा चिमट्यानं पिन सरळ करायचा, स्क्रू पिळायचा आणि विषय संपायचा. पुढे एचडीएमआय आली. स्क्रू गेले, रंग बिघडायचे थांबले. चित्र आलं तर पूर्ण यायचं, नाहीतर मुळीच नाही. तरीही भोकाचा आकार पाहून आतून काय निघणार हे कळत होतं.

ऑगस्ट २०१४मध्ये यूएसबी-सीचं मानक पूर्ण झालं आणि हा सरळ हिशेब मोडला. पुढच्याच महिन्यात ‘व्हेसा’ या संस्थेनं याच तोंडातून डिस्प्लेपोर्ट या एचडीएमआयसारख्याच जोडणीचं चित्र नेण्याची सोय जाहीर केली. तिला ‘ऑल्टरनेट मोड’ म्हणतात. ग्यानबाची मेख अशी, की ही सोय ऐच्छिक आहे. लॅपटॉप बनवणाऱ्यानं ती द्यावी किंवा देऊ नये. बाहेरून दोन्ही पोर्ट जुळ्या भावंडांसारखे. मार्च २०१५मध्ये ॲपलनं बारा इंची मॅकबुक दाखवलं, त्याला चार्जिंग, डेटा आणि चित्र या सगळ्यांसाठी एकच पोर्ट होता. २०१६च्या मॅकबुक प्रोवर तर या आकाराखेरीज दुसरं तोंडच उरलं नाही. हेडफोनची जागा तेवढी वाचली. हबचा धंदा तिथून खरा फोफावला.

केबलींचा बाजार त्या काळात इतका बेबंद होता, की गूगलमधले अभियंते बेन्सन लिअंग स्वतः केबली विकत घेऊन तपासू लागले. फेब्रुवारी २०१६मध्ये चुकीच्या जोडणीच्या एका केबलीनं त्यांचा क्रोमबुक पिक्सेलच निकामी केला. ‘केबल ती केबल, त्यात काय’ म्हणणाऱ्यांना एवढं उदाहरण पुरावं.

टाळेबंदीत गावोगाव जे प्रश्न आले, त्यांतल्या सर्वांत फसव्या प्रश्नाचं मूळ केबलीतच होतं. मॉनिटरला स्वतःचा यूएसबी-सी पोर्ट असला, की माणूस फोनच्या चार्जरची केबल काढून लावतो. दोन्ही टोकं फिट बसतात, लॅपटॉप चार्जसुद्धा होतो. पडदा काळाच. कारण फोनसोबतच्या कित्येक केबलींत वीज आणि यूएसबी २.० पुरत्याच तारा असतात. चित्र वाहणाऱ्या वेगवान जोड्या त्यात घातलेल्याच नसतात. अशा वेळी मॉनिटर दुरुस्तीला टाकण्यात अर्थ नाही, त्यात बिघडलेलं काहीच नाही.

आता या तोंडाच्या आत थोडं डोकवायला हवं. २४ संपर्कबिंदूंपैकी वेगवान वाहतुकीच्या चार वाटा असतात. ज्या हबला यूएसबी ३ चे पोर्ट आहेत, तो बहुधा दोन वाटा डेटाला देतो आणि दोन चित्राला. डिस्प्लेपोर्ट १.२ च्या वेगानं एका वाटेवर ५.४ गिगाबिट जातात, म्हणजे दोघींवर मिळून १०.८, एन्कोडिंगची तूट वजा केली की हातात साडेआठच्या आसपास उरतात. ४के चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवायचं तर बारा-साडेबारा लागतात. म्हणून स्वस्त हबवर ४के येतं, पण ३० हर्ट्झला, आणि माऊसचा बाण पडद्यावर अडखळत, मागून ओढल्यासारखा फिरतो. खोक्यावर ‘४के’ मोठ्या अक्षरांत छापलेलं असतं. ‘३० हर्ट्झ’ शोधायला चष्मा लागतो. ही सरळसरळ चलाखी आहे.

याच रचनेतून एक तपासणीही निघते. प्लग उलटा घातला की वाटांची अदलाबदल होते. एका बाजूचे संपर्क झिजले असतील किंवा त्यात कचरा बसला असेल, तर चित्र सुलट लावल्यावर येत नाही आणि उलटवल्यावर येतं. बिनपैशाची तपासणी आहे. फोनचा पोर्ट खिशातल्या कचऱ्यानं भरतो, तसा लॅपटॉपचाही धुळीनं भरतो.

दुसरा त्रास खास आपल्याकडच्या पावसाळ्याचा. चार्जर हबमधून लावलेला असतो आणि लाइट क्षणभर जाते-येते. लॅपटॉपला बॅटरी आहे, त्याला काही होत नाही. पण वीज कुणाकडून कुणाला द्यायची ही बोलणी हब आणि लॅपटॉप नव्यानं करतात, त्या गडबडीत कित्येक हब पुन्हा सुरू होतात आणि चित्र गायब होतं. मॉनिटर इन्व्हर्टरवर असला तरी हे घडतं, त्यामुळे माणूस चक्रावतो. लॅपटॉपला दुसरा चार्जिंग पोर्ट असेल तर चार्जर थेट त्यात लावावा. चार्जर हबमध्येच ठेवायचा असेल तर त्याचीही पिन इन्व्हर्टरच्या सॉकेटमध्ये हवी.

‘मॉनिटर लावला की नेट जातं’ ही तक्रार वेडगळ वाटते, पण खरी असते. यूएसबी ३ च्या वाहतुकीतून २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात गोंगाट शिरतो. इंटेलनं २०१२मध्येच त्यावर टिपण काढलं होतं. फोनचा हॉटस्पॉट याच पट्ट्यावर आणि फोन हबला टेकून ठेवलेला, अशी मांडणी गावाकडच्या टेबलावर अगदी सहज होते. फोन लांब सरकवला किंवा हॉटस्पॉट पाच गिगाहर्ट्झवर टाकला की फरक दिसतो. वायरलेस माऊसचं बटणाएवढं रिसीव्हरही हबमधून काढून दुसरीकडे लावावं.

टीव्हीवाल्यांची रड वेगळी. चित्र यायचं, पण खालची टास्कबार कापलेली. ते हबचं पाप नव्हे. टीव्ही चित्र थोडं फुगवून कडा छाटतो. टीव्हीच्या सेटिंगमधला ‘जस्ट स्कॅन’ किंवा ‘स्क्रीन फिट’ हा पर्याय तिथे कामाला येतो.

नोव्हेंबर २०२०मध्ये एम१ चिपचे मॅकबुक आले आणि नवा गोंधळ झाला. त्या एअर आणि तेरा इंची प्रोवर बाहेरचा एकच मॉनिटर चालायचा. दोन एचडीएमआयचा हब घेतला तरी दोन्ही पडद्यांवर एकच चित्र, कारण एका पोर्टमधून दोन स्वतंत्र चित्रं काढायची डिस्प्लेपोर्टची युक्ती मॅकओएस वापरतच नाही. विंडोजवर तोच हब नीट चालायचा. यावरचा उपाय डिस्प्लेलिंकचा: चित्र सॉफ्टवेअरनं आवळून साध्या यूएसबी डेटातून पाठवायचं. पण त्याची दोरी ड्रायव्हरच्या हातात. मार्च २०१८च्या मॅकओएस १०.१३.४ अपडेटनंतर डिस्प्लेलिंकचे पडदे बंद पडले होते, ते विसरून चालत नाही. ॲपलनं एम३ एअरला मार्च २०२४मध्ये लॅपटॉपचं झाकण मिटून दोन मॉनिटर दिले. एअरवर झाकण उघडं ठेवून दोन मिळायला मार्च २०२५ उजाडलं.

इतक्या वर्षांत निदानाची पद्धत मात्र उलटी झाली. व्हीजीएच्या काळात काय मोडलंय ते शोधायचं होतं. हबच्या काळात बहुतेक वेळा काही मोडलेलं नसतं. एकाला जे येतं ते दुसऱ्याला येत नसतं. म्हणून आधी लॅपटॉपचा पोर्ट चित्र देतो का ते पाहावं: शेजारी डिस्प्लेपोर्टची किंवा चित्र वाहणाऱ्या थंडरबोल्टची खूण आहे का, मॉडेलच्या माहितीपत्रकात काय लिहिलंय. मग केबल बदलून बघावी, मग मॉनिटरचा इनपुट, आणि हब सगळ्यांत शेवटी. विंडोजवर विंडोज आणि पी दाबून ‘एक्स्टेंड’ निवडलंय ना, हे त्याआधी. विंडोज-कंट्रोल-शिफ्ट-बी एकत्र दाबलं की ग्राफिक्सचा ड्रायव्हर नव्यानं सुरू होतो. कधी कधी तेवढ्यानंच भागतं.

सरकारदरबारी या तोंडाला मान मिळाला आहे. भारतीय मानक ब्यूरोनं जानेवारी २०२३मध्ये यूएसबी-सीचं आयएस/आयईसी ६२६८०-१-३ हे मानक जाहीर केलं. युरोपात २८ डिसेंबर २०२४पासून नव्या फोनना यूएसबी-सी सक्तीचं झालं, लॅपटॉपसाठी २८ एप्रिल २०२६ ही तारीख ठरली. सगळा भर चार्जर एक करण्यावर आहे. चित्राची सोय आजही ऐच्छिकच. तेव्हा साताऱ्यात पोवई नाक्यावर किंवा सांगलीत विश्रामबागेत हब घ्यायला जाल, तर लॅपटॉप सोबत न्या, दुकानातल्या मॉनिटरला जोडून चित्र दाखवायला लावा, खोक्यावर ‘६० हर्ट्झ’ आहे का वाचा आणि पक्कं बिल मागून घ्या.