यादीतलं दुसरं नाव

2008 साली अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका विद्यापीठात शिकत असताना मी संध्याकाळी मतसर्वेक्षणाचे फोन करायचे. काम विद्यापीठातच होतं, पगार तासावर. निवडणुकीचं वर्ष, त्यामुळे प्रश्नावलीत सुरुवातीलाच राजकारण्यांच्या नावांची यादी असे. एकेक नाव वाचायचं आणि विचारायचं : या व्यक्तीबद्दल तुमचं मत चांगलं आहे, वाईट आहे, की मत बनवण्याइतकी माहिती तुम्हाला नाही? नेत्याच्या लोकप्रियतेचा जो आकडा वर्तमानपत्रात छापून येतो, तो हाच प्रश्न हजारेक अनोळखी माणसांना विचारून तयार होतो.

ही माणसं निवडायची रीत मोठी काटेकोर. फोनबुकात ज्यांनी नंबर दिलेला नाही त्यांनाही संधी मिळावी म्हणून नंबराचे शेवटचे आकडे संगणक मनाला येतील तसे जुळवत असे. लँडलाइनला फोन संगणक लावून देई. मोबाइलचा नंबर मात्र 1991 च्या एका कायद्यामुळे आम्हाला हाताने दाबावा लागे. फोन लागला तरी जो उचलेल त्यालाच प्रश्न विचारायचे असं नाही. घरातल्या प्रौढांपैकी ज्याचा वाढदिवस सर्वांत अलीकडे झाला असेल त्याला बोलवायचं. नाहीतर संध्याकाळी घरी असणाऱ्या आणि फोन उचलायची सवय असणाऱ्या आजीबाईंचंच मत देशाचं मत ठरलं असतं. बहुतेक फोन कुणी उचलतच नसे. उचलणाऱ्यांपैकी कित्येकजण पहिल्या वाक्यालाच नको म्हणत.

जो थांबे त्याच्याशी बोलताना आमच्यावर कडक बंधनं होती. प्रश्न शब्द न शब्द लिहिल्याप्रमाणे वाचायचा. कुठल्याही नावावर आवाज चढवायचा नाही, उतरवायचा नाही. नावांचा क्रम प्रत्येक फोनला बदलायचा, कारण आधी ऐकलेल्या नावाची छाया पुढच्यावर पडते. समोरच्याने विचारलं, हे कोण गृहस्थ, तर सांगायचं नाही. प्रश्न पुन्हा वाचायचा. ‘पुरेशी माहिती नाही’ हा पर्याय मोठ्याने वाचून दाखवण्यावर आमच्या पर्यवेक्षक बाईंचा विशेष कटाक्ष होता. तो ऐकवला नाही तर माणसं अज्ञान दिसू नये म्हणून काहीतरी मत सांगून मोकळी होतात. ऐकवला, की बिचकत नाहीत.

या तिसऱ्या पर्यायाचं मोल मला कळलं ते उपाध्यक्षपदाच्या उमेदवारांची घोषणा झाल्यावर. 23 ऑगस्टला डेमोक्रॅटिक पक्षाच्या बराक ओबामांनी ज्यो बायडन यांचं नाव जाहीर केलं. बायडन 1973 पासून सिनेटमध्ये होते, त्यांच्याबद्दल लोकांचं काही ना काही मत होतंच. 29 ऑगस्टला ओहायोतल्या डेटनमध्ये रिपब्लिकन पक्षाच्या जॉन मॅकेन यांनी अलास्काच्या गव्हर्नर सारा पेलिन यांना मंचावर आणलं. अलास्काबाहेर फार थोड्यांना ठाऊक असलेलं हे नाव आमच्या यादीत आलं. सुरुवातीला फोनवर बहुतेकांचं उत्तर एकच, माहिती नाही. 3 सप्टेंबरला रिपब्लिकन अधिवेशनात त्यांचं भाषण झालं आणि तो रकाना झपाट्याने रिकामा होऊ लागला. महिनाअखेरीस त्यांच्या टीव्ही मुलाखती गाजल्या, 2 ऑक्टोबरला सेंट लुइसला बायडन यांच्याशी वादचर्चा झाली. तोवर जवळजवळ प्रत्येकाकडे ठाम मत होतं, आणि बहुतेकांचं ते आपापल्या पक्षाला धरून होतं.

असं मत का, हाही एक प्रश्न असे आणि त्याचं उत्तर जसंच्या तसं टंकायचं असे. ती उत्तरं टंकताना एक गोष्ट सतत जाणवायची. विचारलेलं असायचं पेलिनबाईंबद्दल, पण लोक बोलायचे मॅकेन यांच्याबद्दल. माणूस धाडसी आहे, किंवा घाईत निर्णय घेतला, किंवा पक्षातल्या कडव्या मंडळींसमोर झुकला. घोषणेच्या दिवशीच मॅकेन 72 वर्षांचे झाले होते. त्यामुळे उद्या यांना काही झालं तर, हा विचारही उत्तरांत डोकावायचा. दुसरं नाव ही मतदाराच्या दृष्टीने पहिल्या नावाची परीक्षा असते. राष्ट्राध्यक्ष होण्याआधी उमेदवार जो एकच मोठा निर्णय सर्वांदेखत घेतो, तो हा.

निवडणारी मंडळी मात्र पुष्कळदा वेगळाच हिशेब करतात. जोडीदार स्वतःचं राज्य जिंकून देईल, हा त्यातला जुना हिशेब. 1960 साली जॉन केनेडींनी टेक्सासच्या लिंडन जॉन्सन यांना घेण्यामागे तो होता आणि टेक्सास केनेडींच्या बाजूने गेलंही. पण 2004 मध्ये जॉन एडवर्ड्स यांचं नॉर्थ कॅरोलिना आणि 2012 मध्ये पॉल रायन यांचं विस्कॉन्सिन, दोन्ही विरोधी पक्षाला मिळाली. हिशेबासोबत भीतीही असते, घात होण्याची. 1972 साली राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार जॉर्ज मॅकगव्हर्न यांनी घाईघाईत टॉमस ईगल्टन यांना जोडीदार म्हणून निवडलं. नैराश्यासाठी त्यांच्यावर विजेच्या झटक्यांचे उपचार झाले होते, हे नंतर उघड झालं. आपला त्यांना हजार टक्के पाठिंबा आहे असं मॅकगव्हर्न म्हणाले, आणि काही दिवसांतच ईगल्टन बाजूला झाले. लोकांच्या मनात राहिली ती मॅकगव्हर्न यांची डळमळ. ते 49 राज्यं हरले. तेव्हापासून वकिलांची फौज इच्छुकांची करविवरणं, आजारपणं, जुनी भाषणं महिनोन्‌महिने चाळते.

2008 साली मॅकेन यांच्या मनात खरं तर सिनेटर जो लीबरमन होते. पण गर्भपाताच्या हक्काला पाठिंबा देणारा जोडीदार पक्ष स्वीकारणार नाही, असं सल्लागारांनी सांगितलं. लीबरमन यांना न घेतल्याची खंत मॅकेन यांनी 2018 मधल्या आपल्या पुस्तकात लिहून ठेवली. आमच्या फोनवरची माणसं त्यांच्या निर्णयशक्तीबद्दल जे विचारत होती, त्यापासून ही खंत फार दूर नाही.

2024 च्या उन्हाळ्यात उपाध्यक्षपदासाठी जे. डी. व्हान्स आणि टिम वॉल्झ ही दोन नावं आली, तेव्हाही देशाच्या मोठ्या भागाला वॉल्झ कोण ते ठाऊक नव्हतं. बातम्यांत मात्र चांगल्या आणि वाईट मताचे आकडेच झळकतात. माहिती नसणारे तक्त्याच्या कडेला राहतात. मी तो तक्ता कडेपासून वाचते. सगळा प्रश्न शांतपणे ऐकून, मला अजून पुरेसं ठाऊक नाही, असं अनोळखी माणसाला सांगणारा मतदार बेफिकीर नसतो. ठाऊक झाल्याशिवाय तो कुणाला बरं-वाईट म्हणत नाही, आणि लोकशाहीत उमेदवाराला खरं तर याच माणसापुढे स्वतःला सिद्ध करायचं असतं.