बाग बंद, मजुरी बंद
मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि शहरातल्या बागांना कुलूप बसले. महाराष्ट्रात ३ जूनपासून पहाटे ५ ते संध्याकाळी ७ फिरायला मुभा मिळाली, तीही घराजवळच. पण दहा बाय दहाच्या खोलीत राहणाऱ्यांच्या जवळ बाग कुठे? हातचे काम गेलेले, बसभाड्यालाही पैसे नाहीत. मोकळ्या हवेची ज्यांना जास्त गरज, तेच घरात कोंडले गेले. बागेबाहेरच्या भेळवाल्याचाही धंदा बसला.

जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. भरभर चालणे त्यात येते. मधुमेह, रक्तदाब आटोक्यात ठेवायला त्याची मदत होते. जिमची फी न परवडणाऱ्यांना बागच हवी. म्हणून वस्तीजवळ बाग, मोफत प्रवेश आणि कामावरून परतणाऱ्यांसाठी रात्री उशिरापर्यंत उघडे फाटक, ही मागणी आपण वॉर्ड ऑफिसात नेटाने मांडू या.